नाही म्हणता न येण्याचे दोन गुण

जादूगाराची खोट कशी निवडावी हे मला जितकं कळतं तितकं अख्ख्या शहापूर तालुक्यात कुणाला कळत नसेल, असं सतराव्या वर्षी मी बेधडक सांगत असे. आमच्या खेळात प्रत्येकाला एक जादूगार मिळायचा आणि प्रत्येक जादूगारात एक तरी खोट असावीच लागायची. खोट म्हणजे अशी गोष्ट, जी समोर आली की त्याची विद्या चालत नाही.

हा खेळ आणला माझ्या वर्गातल्या एका मुलीने. तिचे वडील भातसा धरणावर इंजिनियर, पुण्याहून बदलून आलेले, त्यामुळे आम्ही तिला साहेबांची मुलगीच म्हणायचो. तिने तिच्या मामेभावाकडून इंग्रजी नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली होती. ह्या खेळाला पट नाही की सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही असा प्रश्न आला की फासा टाकायचा. पुस्तकाला वीस बाजूंचा फासा हवा होता. तसला फासा शहापूरच्या बाजारात मागितला असता तर हिला ऊन लागलंय असं समजून दुकानदाराने मला पाणी प्यायला दिलं असतं. मग आम्ही हौजीचे एक ते वीस आकडे स्टीलच्या डब्यात टाकले आणि डोळे मिटून एक काढू लागलो. काम झालं.

आम्ही खेळणारे तिघेच. साहेबांची मुलगी गोष्ट सांगायची. दुसरी मी. तिसरा धसईचा एक मुलगा, धरणाच्या कॉलनीत मावशीकडे राहून आमच्याच कॉलेजात शिकणारा. त्याच्या घरी भाजीचा व्यापार होता आणि घासाघीस त्याच्या अंगात मुरली होती. रविवारी दुपारी भातसानगरला साहेबांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आम्ही बसायचो. वीज गेली की बरं वाटायचं, कारण मग आतला टीव्ही बंद व्हायचा आणि तिची आई आम्हाला हळू बोला म्हणायची नाही.

नियम सोपा होता. खोट जितकी जड, तितके जादूगाराला शक्तीचे गुण जास्त. पण कुठल्या खोटीला किती गुण, ते सांगणारं पान झेरॉक्समध्ये अर्धंच आलं होतं. डावीकडे खोटींची यादी नीट होती, उजवीकडचे आकडे काळ्या पट्ट्याखाली गेले होते. म्हणून गुण आम्हीच ठरवायचे असं ठरलं, आणि खरं सांगायचं तर खेळापेक्षा ह्या भांडणातच आमचा जीव रमू लागला.

यादीत पहिली खोट होती लोखंडाची. लोखंडाला अंग लागलं की जादूगार मंत्र विसरतो. धसईच्याने तिला एकदम आठ गुण मागितले. त्याचं म्हणणं, विळा लोखंडाचा, कोयता लोखंडाचा, एसटीचा दांडा लोखंडाचा, ह्या जादूगाराने जगायचं कसं? मी म्हटलं, हाताला फडकं गुंडाळायचं आणि जगायचं, तीन गुण खूप झाले. वाहतं पाणी ओलांडता येत नाही, ही दुसरी. तो म्हणाला, उन्हाळ्यात आमची नदी कोरडी असते, दोन गुण द्या. मी म्हटलं, तुमची असेल, आमच्याकडे कालवा बारा महिने वाहतो, सहा तरी द्या. तिसरी फार गाजली. खरं नाव कुणी मोठ्याने घेतलं की जादूगाराची ताकद जाते. पुस्तकात ही खोट हलकी धरली असणार, कारण त्या लोकांच्यात खरं नाव लपवता येत असावं. आमच्या गावात माणसाचं नाव, पाळण्यातलं नाव, शाळेतलं टोपणनाव आणि ते कशावरून पडलं हे सगळं एसटीच्या थांब्यावरच्या पानवाल्याला ठाऊक असतं. असला जादूगार इथे दोन दिवस टिकला नसता. आम्ही त्या खोटीला नऊ गुण लावले, पण ती घ्यायला कुणी धजलं नाही.

माझं तत्त्व मी पहिल्या दिवशीच मांडलं होतं. खोट किती जड आहे हे बघत बसू नका, ती किती वेळा आडवी येते ते बघा. त्याप्रमाणे मी बर्फ निवडला. बर्फावर पाय पडला की माझ्या जादूगाराची विद्या पूर्ण बंद. विद्या पूर्ण बंद म्हणजे सात गुण हवेतच, असा वाद घालून मी ते मिळवले. आमच्या गोष्टीचा नकाशा माहुलीच्या किल्ल्यापासून माळशेजपर्यंत होता आणि त्यात बर्फ कुठे औषधालाही नव्हता. दोन रविवार माझा जादूगार नुसता धुमाकूळ घालत होता. धसईच्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी साहेबांच्या मुलीने गोष्टीत आठवडा बाजार आणला. बाजारात मासळीवाली. मासळीवालीचं खोकं. शत्रूच्या माणसाने ते खोकं माझ्या पायाशी उलटं केलं आणि माझा जादूगार, सात गुणांचा धनी, बोंबलांवर घातलेल्या बर्फावरून घसरून मेला. धसईचा हसून हसून जमिनीवर आडवा झाला. मी डबा आपटला, आकडे व्हरांडाभर पसरले, आणि मी पाय आपटत घरी आले. माझ्या रागाला तेव्हा गावात मान होता.

घरी काका होता. माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, लग्न न केलेला, आमच्यातच राहणारा. धरणाच्या कॉलनीत वायरमन होता, आणि विंचू उतरवायचा. कुठल्याही पाड्यावर कुणाला विंचू चावला की माणूस धावत आमच्या ओटीवर येई, आणि काका हातातलं काम टाकून निघे. मंत्र त्याला एका म्हाताऱ्याने दिला होता. ही चाल तशीच आहे, एकाकडून एकाकडे. त्या वर्षी काकाचे गुडघे कामातून गेले होते. वीस-बावीस वर्षं खांबांवर चढून आणि डोंगर चढून दोन्हीकडून झिजले. डॉक्टरने चढण बंद म्हणून सांगितलं होतं. चढण बंद करायची तर मंत्र कुणाला तरी देऊन टाकायला हवा होता, कारण मंत्र जवळ असेपर्यंत त्याला घरी बसता येत नव्हतं. त्याने माझं नाव काढलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मला नर्सिंगला जायचं होतं, आणि मंत्राबिंत्रावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

पण त्या दिवशी मला नवा जादूगार हवा होता, आणि खोटी माझ्या घरातच बसलेल्या होत्या. मी वहीचं मागचं पान उघडलं आणि काकाला म्हटलं, "काका, तुझ्या मंत्राची पथ्यं सांग बरं सगळी."

तो पंख्याचा रेग्युलेटर खोलून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "कशाला गो? घ्येतेस का काय?"

"आधी सांग तर."

"बोलावल्याबिगर जायचा नाय. बोलावला तर नाय म्हनायचा नाय. त्या घरचा काय घ्यायचा नाय, पानी पन नाय. न् एकाला दिला का आपल्याकडून ग्येला. झाला."

"एवढंच?"

"येवढा तुला कमी वाटतो?"

मला कमीच वाटलं. पुढच्या रविवारी मी चारही पथ्यं व्हरांड्यात मांडली आणि आमचा बाजार सुरू झाला. बोलावल्याशिवाय जायचं नाही, ह्याला दोन गुण मिळाले. काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ह्यावर धसईचा खरोखर हळहळला आणि त्याने पाच गुण स्वतःहून दिले. कुणाला शिकवलं की आपल्याकडून जातं, ह्याला त्याने शून्य दिलं. म्हणाला, मग शिकवू नको, विषय संपला. राहिली नाही म्हणायचं नाही, ती. मला वाटलं ही तर सभ्यपणाची गोष्ट आहे, हिला खोट कोण म्हणेल? तरी तोंड वर करून तीन मागितले आणि दोनावर सौदा ठरला. एकूण नऊ गुण. एवढा ताकदवान जादूगार आमच्या खेळात झाला नव्हता. शत्रूच्या किल्ल्यावर सरळ चालून जायचं मी जाहीर केलं.

मी किल्ल्याच्या पायथ्यापर्यंतही पोचले नाही. साहेबांच्या मुलीने पहिल्याच वळणावर एक म्हातारी उभी केली. शेळी हरवलीय, येतोस का बाबा? नाही म्हणता येत नव्हतं. शेळी शोधून देतो तोवर खालच्या पाड्याची विहीर आटली. विहीर झाली तर कुणाच्या म्हशीला दृष्ट लागली. दोन रविवार मी नऊ गुणांची विद्या शेळ्या-म्हशींवर खर्च केली. मी ओरडले की ही दोन गुणांची खोट नव्हे, हिला दहा हवेत. धसईचा शांतपणे म्हणाला, "भाव ठरला तो ठरला. आता रडून काय उपयोग नाय."

रडायला मी कुणी ऐरीगैरी नव्हते. आठवडाभर मी त्या चार पथ्यांकडे बघत राहिले, कॉलेजात बघितलं, तांदूळ निवडताना बघितलं, आणि गुरुवारी मला भोक सापडलं. शून्य गुणांची खोट! दुसऱ्याला शिकवलं की विद्या जाते. आणि विद्या गेली तर तिची पथ्यं कशाला राहतील? रविवारी मी जाहीर केलं की माझा जादूगार शत्रूला निरोप धाडतोय, माझी सगळी विद्या तुला शिकवतो, ये. शत्रू कशाला सोडतोय! धावत आला. मी शिकवली. नऊ गुण त्याला गेले, आणि त्यांच्याबरोबर चारही पथ्यं. मग मी त्याला म्हटलं, "आता किल्ल्याच्या किल्ल्या दे."

त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

साहेबांच्या मुलीने पुस्तकाची झेरॉक्स पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. धसईच्याने उठून मला हात जोडले. इतकी खूश मी पुढे बारावीच्या निकालालाही झाले नाही.

ह्याच तोऱ्यात मी घरी आले आणि काकाला म्हटलं, दे मला तुझा मंत्र. माझा हिशोब चोख होता. मंत्र माझ्याकडे आला की काकाचं पथ्य सुटेल, त्याचे गुडघे सुटतील. मी नर्सिंगला कल्याणला जाईन, होस्टेलवर राहीन. तिथे मला विंचवासाठी बोलवायला कोण येणार आहे? दोघंही मोकळे. आजवर हे कुणाला कसं सुचलं नाही, ह्याचंच मला नवल वाटत होतं. मी का हो म्हटलं ते काकाने विचारलं नाही. "दिव्याच्या अवसेला देतो," एवढंच म्हणाला.

आषाढातल्या त्या अमावस्येला सकाळी आम्ही कालव्यावर गेलो. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने माझ्या कानात आठ ओळी सांगितल्या, मी त्या तीनदा म्हणून दाखवल्या आणि मंत्र माझा झाला. पाच मिनिटांचं काम. मग परत येताना तो वाटभर बोलत होता. मंत्रातलं काही नाही, दुसरंच. मोठ्या माणसाला नुसती आग होत असेल तर घाबरायचं नाही. पोर असेल तर आधी हातपाय चाचपायचे. घामाने भिजलेलं, उलट्या करतंय, हातपाय गार, असं असलं तर तिथे एक मिनिट बसायचं नाही, मिळेल त्या गाडीत घालून शहापूरला न्यायचं. "मंतर वाटंत म्हनायचा," तो म्हणाला. मी हो हो करत होते. चिखलात माझी चप्पल अडकत होती आणि मला घरी जाऊन कागद लावायचे होते.

नर्सिंगची मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती. त्या दिवशी मी इस्त्रीचा ड्रेस घालून, दाखल्यांची फाइल छातीशी धरून ओटीवर उभी होते. नऊची एसटी. काका पाय लांब करून खांबाला टेकला होता, रजा होती त्याची. आणि वरच्या पाड्यावरचा एक माणूस लावणीच्या चिखलाचे पाय घेऊन अंगणात आला. चार वर्षांच्या पोरीला विंचू चावला होता. घरात फक्त आजी, बाकी सगळे शेतावर.

काका म्हणाला, "माज्याकडं नाय आता. हिला दिला."

माणूस माझ्याकडे वळला. त्याने माझ्या ड्रेसकडे बघितलं, फाइलकडे बघितलं. "येतेस का गो बाय?" म्हणाला.

मी म्हटलं, "मला नऊची गाडी आहे. तुम्ही तिला शहापूरच्या दवाखान्यात न्या, लगेच. मंत्राने काही होत नसतं."

हे मी चुकीचं बोलले नाही. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन, आणि नर्स म्हणून रोज सांगतेही. पण तो माणूस तिथून हलला नाही. पोरगी डोंगरावर होती, चालत पाऊण तासावर. गाडी कुठे मिळते, कुणाला सांगायचं, दवाखान्यात काय बोलायचं, पोरीला हलवावं की नाही, हे ठरवणारं तिथे कुणी नव्हतं. तो मंत्र न्यायला आलाच नव्हता. तो सोबत येणारं कुणी माणूस न्यायला आला होता. हे मला आता कळतं. तेव्हा मी घड्याळ बघितलं.

काका खांबाला धरून उठत होता.

"काका, तुला आता पथ्य नाही," मी म्हटलं. "तू नाही म्हणू शकतोस."

"म्हाइत हाय," तो म्हणाला आणि कोनाड्यातली काठी घेतली.

मी थांब्याकडे गेले. वळून बघितलं तेव्हा दोघे शेताच्या बांधावरून चालले होते. तो माणूस पुढे जाऊन थांबायचा, काका पोचला की परत पुढे जायचा. एसटी वेळेवर आली. मुलाखत उत्तम झाली. विंचूदंशाच्या रुग्णाची लक्षणं काय, असं त्या बाईंनी खरंच विचारलं, आणि कालव्यावरून येताना ऐकलेलं मी धडाधड सांगितलं. बाई खूश झाल्या.

संध्याकाळी मी परतले तर काका ओटीवर गुडघ्यांना रुईची पानं बांधून बसला होता. गुडघे सुजून भोपळे झाले होते. पोरीचे हातपाय गार पडले होते म्हणे. त्याने तिला चादरीत घेऊन त्या माणसाच्या पाठीवर दिलं, खाली आणलं, खडीचा ट्रक आडवा होऊन थांबवला आणि दवाखान्यात डॉक्टर हात लावेपर्यंत तिथून हलला नाही. पोरगी वाचली होती. दुपारी डोळे उघडून तिने पेज मागितली होती.

"अ‍ॅडमिशन जाला का गो?" त्याने विचारलं.

"झालं."

"बेस."

मला राहवलं नाही. "मंत्र तर तुझ्याकडे नव्हता. मग तू केलंस काय?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फारच सोपा प्रश्न विचारला होता.

"ग्येलो," तो म्हणाला.

मी आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले. आईला वाटलं, घर सोडून जायचं म्हणून रडतेय. मी तसंच वाटू दिलं.

त्यानंतरही लोक येत राहिले आणि काका जात राहिला. आधीच सांगून टाकायचा, मंतर नाय माज्याकडं, पोरीला दिला. लोक म्हणायचे, चला तरी. शेवटची दोन वर्षं ते त्याला खुर्चीत बसवून न्यायचे, चौघेजण. मी सुट्टीला घरी आले की ती माणसं अंगणात उभी दिसायची. मला नमस्कार करायची, आणि माझ्या बाजूने वाट काढून ओटीवर जायची.